सस्केहॅनावर फ्लायने स्मॉलमाउथ बास

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गजवळ सस्केहॅना नदी रुंद आणि उथळ आहे. उन्हाळ्यात पाण्यात उतरूनच मी स्मॉलमाउथ बास हा मासा फ्लायने, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेल्या नकली आमिषाने, धरतो. 9 फुटी, 7 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड आणि तरंगणारी लाइन पुरते. वय 16 किंवा अधिक असेल तर पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स आधी काढा.

फ्लाय मात्र क्लाउझर मिनोच. मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी ती याच नदीतल्या स्मॉलमाउथसाठी घडवली. हरणाच्या शेपटीचे पांढरे-पोपटी केस, आणि डोळ्यांच्या जागी डंबेलच्या आकाराचं वजन. त्या वजनामुळे गळ उलटा, टोक वर करून चालतो आणि दगडांत कमी अडकतो. काय सुंदर डोकं लावलंय!

खडकाच्या वरच्या अंगाला, प्रवाहाला आडवी फेका. बुडू द्या. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवून लाइन हाताने ओढा: दोन झटके, मग थांबा. बास बहुधा त्या थांब्यातच तोंड घालतो. ओढ जाणवली की रॉड उचलू नका. ट्राउटवाल्यांची ही सवय इथे मासा घालवते. लाइन धरलेल्या हाताने सरळ, जोरात खेचा. गळ रुतला की मगच रॉड वर.

संध्याकाळी पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, लावा, आणि पडल्यावर वलयं विरेपर्यंत हलवू नका. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा पाण्यातच सोडता येतो.