दुसऱ्या भागानं हिरमोड केला? आधी या चुका तपासा

फँटसी मालिकेचा पहिला भाग झोप मोडून वाचला जातो. दुसरा उशाशी पडून राहतो. शंभरेक पानांनंतर 'यात पाणी घातलंय' असं वाटू लागतं, मग एखादं प्रकरण असं येतं की सगळा राग विरतो, आणि पुस्तक मिटल्यावर आवडलं की नाही हेच धड सांगता येत नाही. ठाण्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर ही तक्रार वरचेवर येते. काही दोष पुस्तकाचा असतो, मान्य. पण बराचसा आपल्या वाचण्याच्या पद्धतीचा असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

पहिल्याची चव दुसऱ्यात शोधणं

घोडं पेंड खातं ते इथेच. पहिल्या भागातला निम्मा आनंद जग नवं असण्याचा असतो: नकाशा, जादूचे नियम, तिथले देव, तिथल्या शिव्यासुद्धा. दुसऱ्या भागात ते सगळं आपल्याला ठाऊक असतं. गडकरी रंगायतनला पडदा पहिल्यांदा वर जातो तेव्हा नेपथ्याला टाळी पडते. दुसऱ्या अंकाला दिवाणखाना तोच असतो, आता टाळी नटांनाच मिळवावी लागते.

अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतल्या पहिल्या पुस्तकाचा (१९६८) नायक गेड. दुसरं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' (१९७१), उघडावं तर गेडचा पत्ताच नाही. समोर येते ती थडग्यांच्या देवस्थानाला लहानपणीच वाहिलेली टेनार, काळोखी भुयारं आणि पुजारणींचा रोजचा तोच तो दिनक्रम. गेड उगवतो पुस्तक बरंच पुढे सरकल्यावर, तोही टेनारच्या नजरेतून, चोर म्हणून. त्याची वाट बघत पानं उलटणाऱ्याला हे पुस्तक रटाळ वाटणारच. टेनारची गोष्ट म्हणून वाचलं तर माझ्या मते ते पहिल्यापेक्षा सरस आहे.

अमीश यांच्या रामचंद्र मालिकेत तर दुसऱ्या भागात गोष्ट आधी मागे जाते. २०१५ मध्ये रामावरचं पुस्तक आलं, २०१७ मध्ये सीतेवरचं, आणि कथा पुन्हा तिच्या बालपणापासून सुरू झाली. पहिले तिन्ही भाग राम, सीता आणि रावण अशा तीन वाटांनी येऊन सीताहरणापाशी भेटतात, युद्ध चौथ्यात. ही रचना आधी ठाऊक नसेल तर 'हे तर वाचलंय' म्हणून चिडचिड होते. ठाऊक असूनही मिथिलेतले प्रसंग पुन्हा वाचताना मला ते लांबलेलेच वाटले, पण सीतेचं आधीचं आयुष्य वाचायला मिळालं ही जमेची बाजू.

उपाय साधा आहे. पन्नासेक पानं झाली की थांबा आणि विचारा: या पुस्तकातल्या माणसाला काय हवंय? उत्तर सापडलं तर पुढचा वेग आपोआप येतो.

आठवणीवर विसंबणं

पहिला भाग गेल्या दिवाळीत वाचलेला, दुसरा यंदाच्या पावसाळ्यात हातात. मधल्या काळात कोणता सरदार कुणाचा मेहुणा हे डोक्यातून गेलेलं असतं. मग सुरुवात संथ वाटते. खरं तर आपण अडखळत असतो. पहिल्या भागाची शेवटची दोन-तीन प्रकरणं पुन्हा वाचा. बऱ्याच जाड मालिकांत शेवटी घराण्यांची यादी असते, ती बघायला लाजू नका.

नेटवर नाव शोधायला मात्र जाऊ नका. विकीवर पात्राचं पान उघडलं की कडेच्या चौकटीत 'मृत' असं छापलेलं असतं. कधी कधी तर पान उघडावंही लागत नाही. नाव टाइप केलं की शोधपट्टीच पुढचे शब्द सुचवते आणि मोकळी होते.

ठाणे ते वाशी, तुकड्यातुकड्यांत

ट्रान्स-हार्बर लोकलला बसायला जागा मिळाली तर अर्धा तास वाचन होतं, पण अनेक निवेदक असलेलं पुस्तक स्टेशनाच्या हिशोबानं तोडलं की विस्कटतं. जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेच्या दुसऱ्या भागात (१९९८) थिऑन आणि डाव्होस हे दोन नवे निवेदक येतात. तुर्भ्याला अर्ध्यावर मिटलेलं प्रकरण संध्याकाळी परतताना परकं वाटतं. तिथे प्रत्येक प्रकरणाला पात्राचंच नाव आहे, तेव्हा थांबायचं ते प्रकरणाच्या शेवटी. सानपाडा आलं तरी प्रकरण उरलं असेल तर वाशीच्या फलाटावर पाच मिनिटं बसा. ऑफिस कुठे पळून जात नाही.

शेवटावरून निकाल देणं

दुसरा भाग मधेच तुटतो ही तक्रार रास्त असते, पण तुटण्याची कारणं वेगवेगळी असतात. टॉल्किननी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकच कादंबरी म्हणून लिहिली. छपाईचा खर्च आणि युद्धानंतरची कागदाची स्थिती बघून प्रकाशकानं तिचे तीन खंड केले. पहिले दोन १९५४ मध्ये आले, तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. मधला खंड अधांतरी सुटतो यात लेखकाचा डाव नाही. त्याच खंडाच्या पहिल्या अर्ध्यात फ्रोडो दिसतही नाही, हा मात्र लेखकाचाच निर्णय, आणि त्यावर खुशाल भांडावं.

कधी निकालाची तारीखच पुढे असते. हॅरी पॉटरचा दुसरा भाग (१९९८) अनेकांना कच्चा वाटतो. त्यातल्या जुन्या डायरीचं खरं मोल कळतं ते सहाव्या भागात, २००५ मध्ये.

निष्ठेपोटी सगळं पोटात घालणं

वरचं सगळं करूनही पुस्तक खटकत असेल तर ते खटकू द्या. पात्रांनी प्रवास केला पण त्यांच्यात काही बदललं नाही, संकट आलं की ऐनवेळी फुकटची नवी शक्ती उगवली, किंवा दोघांनी एकमेकांशी दोन मिनिटं बोलून मिटलं असतं त्या गैरसमजावर दोनशे पानं काढली, तर दोष लेखकाचा. जग कितीही देखणं असलं तरी.

अशा वेळी तारे देऊन मोकळं होऊ नका. पाचपैकी तीन म्हणजे काय ते आठ महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही. 'वेढ्याचा भाग जबरदस्त, प्रेमकथा जमली नाही' एवढं शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं लिहा. तिसरा भाग घ्यायचा की नाही ते ठरवताना हेच उपयोगी पडतं. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर वहीत.

अख्खा संच आधीच विकत घेणं

सवलत बघून चार भागांचा खोका घरी आणला की दुसरा भाग नावडला तरी वसुलीसाठी रेटला जातो. आधी मालिका पुरी झाली आहे का ते बघा. पॅट्रिक रॉथफस यांच्या 'किंगकिलर क्रॉनिकल' मालिकेचा दुसरा भाग २०११ मध्ये आला, आणि तिसऱ्याची वाट वाचक दहा वर्षांहून जास्त काळ पाहत राहिले. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. तिथून किंवा जवळच्या कुठल्याही ग्रंथालयातून पहिला भाग आणताना पुढचे आहेत का तेही विचारून ठेवा. नसतील तर मित्रमंडळींत एकेकानं एकेक भाग घ्यावा. अट एकच: तिसरा ज्यानं वाचलाय त्यानं दुसरा वाचणाऱ्याकडे बघून गालातल्या गालात हसायचं नाही.