जुन्या युरोपीय मुद्राचित्रांतील भिकारी कसे पाहावेत

सतराव्या शतकातील युरोपीय मुद्राचित्रांत, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांत, भिकारी, लंगडे, अंध वादक वारंवार भेटतात. परंतु चित्रकाराने त्यांना चितारले म्हणजे त्याला त्यांची कणव होती, असा निष्कर्ष घाईने काढू नये. भीक मागणारा सोंग घेतो, हा संशय त्या समाजात खोल रुजलेला होता आणि अनेक चित्रे तोच संशय पोसत असत.

म्हणून प्रथम चित्रावरील अक्षरे वाचावीत. मुद्राचित्रकार जाक कालोने १६२२–२३च्या सुमारास कोरलेल्या पंचवीस चित्रांच्या मालिकेत पहिल्याच फाटक्या माणसाच्या निशाणावर 'बदमाशांचा सरदार' अशा अर्थाचे इटालियन शब्द आहेत. तरीही पुढच्या चित्रांतील कुबड्या आणि चिंध्या त्याने इतक्या आस्थेने रेखाटल्या आहेत की, माझ्या मते, संशय आणि आदर तेथे शेजारी नांदतात.

त्यानंतर हात आणि अंतर पाहावे, आणि येथे मात्र सावकाश थांबावे. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या १६४८च्या अम्लरेखनात (पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रात) दारातला वृद्ध गृहस्थ पाठीवर मूल घेतलेल्या स्त्रीच्या हातावर नाणे ठेवतो आहे. पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या फाटक्या वस्त्रांवर न जाता त्या दोन हातांवर जाते, आणि देणारा व घेणारी एकाच घटनेचे समान भागीदार ठरतात. भिकाऱ्याचे व्यंग चित्राचा विषय झाले आहे की त्याचे माणसाशी असलेले नाते, हा प्रश्न प्रत्येक चित्राला विचारावा. याच रेम्ब्रांटने १६३०मध्ये हात पसरून बसलेल्या भिकाऱ्याला स्वतःचा चेहरा दिला होता, हेही ध्यानात ठेवावे.

नंतरच्या काळातील स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धविषयक मालिकेत चित्राखालचे शब्दच बाजू घेतात. माद्रिदच्या १८११–१२च्या दुष्काळावरील एका चित्राखाली त्याने 'मागावे लागणे हेच सर्वांत वाईट' या आशयाचे शब्द लिहिले. ही मालिका त्याच्या मृत्यूनंतर, १८६३मध्ये प्रसिद्ध झाली.

एखादा चेहरा भावशून्य वाटल्यास त्याच चित्राचा दुसरा, आधीच्या काळातील ठसा, म्हणजे त्याच पत्र्यावरून आधी छापलेली प्रत, शोधून पाहावा. तांब्याचा पत्रा छापता छापता झिजतो, नाजूक रेषा आधी पुसट होतात, आणि रेम्ब्रांटचे अनेक पत्रे तर त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ छापले जात होते.