जुन्या टॉर्पेडोत नवा मेंदू: सुधारणा टप्प्याटप्प्याने कशी बसवायची

अमेरिकी नौदलाचा मार्क 48 टॉर्पेडो 1972 पासून सेवेत आहे. लांबी साधारण 5.8 मीटर, व्यास 533 मिलिमीटर, वजन दीड टनाच्या वर. आजची सुधारित आवृत्ती, मॉड 7, त्याच्या शेजारी ठेवली तर बाहेरून फारसा फरक कळणार नाही. कवचाचं माप तेच, कारण ज्यातून तो सोडतात त्या पाणबुडीच्या नळ्यांचं माप बदलत नाही. बदललेत ते ध्वनीनं लक्ष्य शोधणारा सोनार, प्रोसेसर आणि प्रणाली, म्हणजे सॉफ्टवेअर, आणि तेही एका झटक्यात नाही. हे काम करणाऱ्यांसाठी पहिला नियम असा: आपण हात लावला नाही तो भाग आधी संशयित.

मार्क 14 चा धडा

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी टॉर्पेडो मार्क 14 हा 46 नॉटनं, म्हणजे ताशी सुमारे 85 किलोमीटरनं धावायचा. आधीच्या टॉर्पेडोपेक्षा हा वेग बराच जास्त, पण खोली राखणारी आणि स्फोट घडवणारी यंत्रणा बऱ्याच अंशी जुन्या घडणीची. जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियात आल्बनीजवळच्या फ्रेंचमन बे इथे रिअर अॅडमिरल चार्ल्स लॉकवुड यांनी मासेमारीचं जाळं पाण्यात उभं करून चाचणी घेतली. टॉर्पेडोच्या पुढच्या टोकाला, जिथे युद्धात स्फोटक असतं, त्याला डोकं म्हणतात; सराव डोक्यात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भरलं, म्हणजे वजन युद्धातल्या डोक्याइतकं झालं. 10 फुटांवर लावलेला टॉर्पेडो जाळ्याला भोक पाडून गेला 25 फुटांवर. आधीच्या चाचण्या हलक्या डोक्यानं झाल्या होत्या. शिवाय दाब मोजणारं छिद्र शेपटीकडे अशा जागी होतं, जिथे वेगात पाण्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी भरतो. यंत्राला वाटे, आपण वरच आहोत.

खोली सुधारल्यावर जहाजाच्या चुंबकत्वानं पेटणारा चुंबकीय स्फोटक मध्येच उडतो हे ठळकपणे दिसू लागलं. जून 1943 मध्ये पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ यांनी तो बंद करायला सांगितला, तेव्हा आदळून उडणारी यंत्रणाही नापास निघाली. हवाईत 90 फुटांवरून पोलादी पत्र्यावर डोकी टाकून पाहिली. काटकोनात आपटलेल्या दहांपैकी सात उडाली नाहीत, कारण धक्क्यानं फायरिंग पिन आपल्या मार्गिकेत अडकत होती. तिरक्या माऱ्यात निकाल बरा होता. म्हणजे नेम जितका चांगला, तितकं अपयश मोठं! एका दोषाखाली दुसरा, त्याखाली तिसरा. तिन्ही एकदम दुरुस्त केले असते तर कशानं काय झालं ते कळलंच नसतं.

आधी पाया गोठवा

नवीन काहीही बसवण्यापूर्वी हातातल्या आवृत्तीची नोंद पक्की करा: प्रत्येक इलेक्ट्रॉनिक कार्डाचा क्रमांक, प्रणालीची आवृत्ती, पूर्ण भरलेलं आणि रिकामं वजन, गुरुत्वमध्य, प्रत्येक जोडणीवरचं व्होल्टेज. सराव डोकं आणि युद्धाचं डोकं यांची वजनं वेगळ्या रकान्यांत लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. पण दोन वर्षांनी ‘हा पूर्वीही असाच डुलायचा का?’ असा प्रश्न आला की उत्तर या वहीतच सापडतं.

यंत्र आणि प्रणाली वेगवेगळ्या वेळी

अमेरिकी पाणबुड्यांच्या सोनारसाठी 1990 च्या दशकात जी पद्धत रुजली, तीच पुढे मार्क 48 ला लागू झाली. प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या एका मालिकेत येतात आणि यंत्रसामग्रीची नवी फेरी दुसऱ्या मालिकेत. क्रम असा ठेवा.

1. नवा प्रोसेसर बसवा, पण त्यावर जुनीच प्रणाली चालवा. आधीच्या धावांत नोंदवलेला सोनारचा कच्चा डेटा दोन्ही यंत्रांना द्या. निकाल जुळले पाहिजेत. न जुळलेली प्रत्येक ओळ समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.
2. यंत्र स्थिरावलं की त्यावर नवी प्रणाली चढवा. एका आवृत्तीत एकाच कुळातले बदल ठेवा. लक्ष्य ओळखण्याचं वर्गीकरण सुधारलं असेल तर त्याच फेरीत सुकाणूला हात लावू नका.
3. मग खरे इलेक्ट्रॉनिक भाग आणि संगणकावरचा बनावट समुद्र अशी जोडणी करून प्रयोगशाळेत धावा घ्या. अमेरिकी नौदलाच्या न्यूपोर्टच्या केंद्रात अशी सोय आहे. पाण्यातली एक धाव महाग पडते; इथे रात्रभरात शेकडो होतात.
4. शेवटी समुद्र.

पहिल्या टप्प्यात नेहमी तीन गोष्टी छळतात. जुन्या प्रणालीत कुठेतरी ‘इतका वेळ थांब’ हे प्रोसेसरच्या गतीवर मोजलेलं असतं. प्रोसेसर वेगवान झाला की क्रम चुकतो, आणि चूक दहांतल्या एखाद्याच धावेत दिसते. दुसरी गोष्ट उष्णता: बंद नळीत पंखा चालवून उपयोग नाही, उष्णता कवचातून पाण्यातच गेली पाहिजे, म्हणून कोरड्या टेबलावर तापणारं कार्ड पाण्यात बरं चालतं आणि उलटही घडतं. तिसरी आणि सगळ्यांत चिवट, नव्या वीजपुरवठ्याची गुणगुण. ती सोनारच्या अतिसूक्ष्म संकेतांत मिसळते आणि दोष प्रणालीवर ढकलला जातो. त्यामुळे सोनारचं ध्वनी सोडणं बंद ठेवून नुसतं ‘ऐकण्याचं’ मोजमाप प्रत्येक बदलानंतर घ्या.

बाजारातली चिप वापरायची तर पाच-सात वर्षांत तिचं उत्पादन थांबेल हे गृहीत धरा. आवश्यक तो साठा आधीच घेऊन ठेवा आणि कार्डांमधली जोडणी अशी ठरवा, की पुढच्या फेरीत फक्त कार्ड बदलेल.

समुद्रातली धाव

अमेरिकेचे सराव मारे बहामातल्या अँड्रोस बेटाजवळच्या ऑटेक या चाचणी क्षेत्रात आणि कॅनडातल्या नॅनूस इथे होतात. तिथे समुद्रतळावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन आहेत, त्यामुळे टॉर्पेडोनं सांगितलेला मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग शेजारी ठेवता येतात.

धावेपूर्वी तासाभरात पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजा. 28 अंशांच्या पृष्ठजलात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर जातो, 4 अंशांच्या पाण्यात सुमारे 1,466. थरांमध्ये तो वाकतो. ही नोंद नसेल तर ‘लक्ष्य सापडलं नाही’ हा निकाल प्रणालीचा की पाण्याचा, हे कधीच ठरणार नाही. अरबी समुद्रात पावसाळ्यानंतरचं पाणी आणि मार्चमधलं पाणी एकच समजणं तर शुद्ध भाबडेपणा.

युद्धाच्या डोक्याच्या जागी नोंदणीयंत्र असलेलं सराव डोकं बसतं. वजन जुळवा. धावेनंतर टॉर्पेडो बाहेर काढला की गोड्या पाण्यानं लगेच धुवा, कारण खारं पाणी इंजिनात वाट पाहत बसत नाही. मार्क 48 चं ऑटो (Otto) इंधन रक्तवाहिन्या रुंदावतं. वाफ नाकात गेली की डोकं ठणकतं, म्हणून हातमोजे आणि हवा खेळती. मग आधी नोंदींची प्रत काढायची आणि नंतरच काहीही उघडायचं. धाव चांगली झाली तरी डेटा जपा; पहिल्या टप्प्यात चालवायला हाच लागतो.

स्फोटकासहचा मारा विरळा. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेनं मिळून घडवलेल्या मॉड 7 नं जुलै 2008 मध्ये एचएमएएस वॉलर पाणबुडीतून सुटून निवृत्त अमेरिकी युद्धनौका फ्लेचर बुडवली. विशाखापट्टणमच्या एनएसटीएल या नौदल संशोधन प्रयोगशाळेनं घडवलेल्या वरुणास्त्र टॉर्पेडोची युद्धडोक्यासह चाचणी जून 2023 मध्ये झाली. एरवी सगळी भिस्त सरावावरच.

पाणबुडीत चढताना

इथे जोडणीचा हिशेब लोक विसरतात. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर भारतीय इलेक्ट्रॉनिक हेवीवेट टॉर्पेडो बसवण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी सुमारे 877 कोटींचा करार झाला, तो जोडणीसाठी. पाणबुडीची मारा-नियंत्रण यंत्रणा आणि टॉर्पेडो यांना एकमेकांची ओळख पटली पाहिजे.

सुधारणा टप्प्यांत असेल तर भांडारात दोन-तीन आवृत्त्या एकत्र पडून असणारच. म्हणून टॉर्पेडोनं जोडणी होताच आपली आवृत्ती सांगितली पाहिजे आणि नियंत्रण यंत्रणेनं तिला साजेसेच पर्याय पडद्यावर दाखवावेत. कवचावर रंगाचा पट्टा मारणं पुरेसं नाही. धुण्यात तो जातो, आणि अंधाऱ्या कप्प्यात रात्री दोन वाजता कोणी पट्टा पाहत नाही.