भाड्याची गाडी घेऊन हिमालयात जाताय? या चुका टाळा

आपल्या नागपुरात चढण म्हणजे सेमिनरी हिल्स. फार झालं तर चिखलदरा, १,११८ मीटर. परतवाड्याकडून तो घाट दोन-चारदा चढला की माणसाला वाटतं, आता हिमालयही जमेल. मलाही वाटलं होतं. मग हिमाचलात कुलू जिल्ह्यातल्या जालोरी जोतवर (जोत म्हणजे खिंड), साधारण ३,१२० मीटरवर, भाड्याची पेट्रोल हॅचबॅक घेऊन गेलो.

फजिती झाली ती उतरताना. शोजा गावाकडे येत होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. आधी जळका, तिखट वास आला. बायको म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. पुढे ट्रक नव्हताच. दोन वळणांनी पेडल मऊ लागलं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं.

पॅड आणि डिस्क अती तापल्या की पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यानं हवेतला ओलावा शोषलेला असतो, ते लवकर उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाही, वाफ दबते. म्हणून पेडल आत जातं आणि गाडी थांबत नाही. भाड्याच्या गाडीतलं ऑइल कधी बदललंय, हे आपल्याला कोण सांगणार?

अशा वेळी पेडल भराभर दाबा-सोडा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि डोंगराच्या अंगाला थांबा. चाकापुढे दगड लावा. बॉनेट उघडून बघण्यासारखं काही नसतं, अर्धा तास चहा प्या. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नका, डिस्क वाकू किंवा तडकू शकते.

खरा उपाय जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे वेग इंजिनच रोखतं आणि ब्रेक तापत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर नुसतं ‘डी’त ठेवू नका, ‘एल’ (म्हणजे लो, खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट जळतं.

चढताना गाडी ओढत नाही म्हणून मालकाला फोन लावू नका. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. एसी बंद करा, पहिला गिअर टाका. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवलीत तर क्लच प्लेट जाते आणि डिपॉझिटही. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हे २०१७ च्या ड्रायव्हिंग नियमांतही आहे. आपण डिपर मारत उतरतो.

गाडी ताब्यात घेताना फोटो सगळेच काढतात. त्याऐवजी आधी चढावर नेऊन हँडब्रेक धरतो का बघा, टायरची नक्षी आणि स्टेपनी तपासा. नंबर प्लेट काळी, त्यावर पिवळी अक्षरं असायला हवीत. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आणि लडाखचा बेत असेल तर चंडीगड-मनालीहून भाड्याची गाडी नेऊ नका. तिथले टॅक्सीवाले बाहेरच्या भाड्याच्या गाड्या फिरू देत नाहीत. लेहला पोचून तिथलीच गाडी घ्या, तीही पहिले दोन दिवस आराम करून. नागपूरच्या ३१० मीटरवरून विमानानं थेट ३,५०० मीटरवर उतरलेल्या माणसाचं डोकं भणभणत असतं, त्याच्या हातात स्टिअरिंग नको.