सगळं आहे, तरी मन लागत नाही? मी काय केलं ते सांगतो

लोन फिटलं, गाडी आली, मुलगी हॉस्टेलला गेली आणि मी रविवारी दुपारी पंख्याकडे बघत पडलेलो. आईला सांगितलं तर म्हणाली, तुला कमी काय आहे रे? तेच तर सांगता येत नव्हतं ना.

पहिलं म्हणजे 'आधी सगळं सेट होऊ दे, मग मनासारखं करू' हे डोक्यातून काढा. ट्रेनिंगमध्ये तो मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड दाखवतात ना, खाली अन्नपाणी आणि टोकाला आत्मविकास, त्या मॅस्लोनेच १९४३ च्या लेखात लिहून ठेवलंय की खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही असं काही नाही.

मग कागद घ्या, मोबाइल नको, आणि गेल्या महिन्यात कशात वेळ कसा गेला कळलंच नाही ते लिहा. 'मला काय आवडतं' हे लिहू नका, तिथे आपण सगळेच फेकतो. मी ट्रेकिंग लिहिलं होतं, पावागडला शेवटचा गेलो त्याला नऊ वर्षं झाली आणि तेही रोपवेने! खरं काय निघालं तर शेजारच्या पोराला गणित समजावलं तो दीड तास.

काहीच सुचत नसेल तर आपल्या बडोद्यात मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून फुकट वाचनालयांचं जाळं उभं केलं, त्याची ही मुख्य लायब्ररी. चार वेगळ्या विषयांची पुस्तकं चाळा, कुठे थांबता ते बघा. गाण्यात जीव असेल तर १८८६ ची मौलाबक्षांची गायनशाळा आज युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, तिथे चौकशी करा, लाजू नका.

आता मेन गोष्ट. आपली वाट बघणारं कोणीतरी पाहिजे. एकट्याने केलेला योगा, डायरी, माझं सगळं बाराव्या दिवशी बंद पडलं, पण मंगळवार-शुक्रवार दांडिया बाजारात ओट्यावर पाच पोरं माझ्याकडे गणित शिकायला येऊन बसतात आणि दहा मिनिटं उशीर झाला की 'काका, केम मोडुं थयुं?' विचारतात, मग जावंच लागतं. त्यांची पुस्तकं गुजरातीत, अपूर्णांक दोन्हीकडे अपूर्णांकच पण आपला लसावि त्यांचा लसाअ, तेवढं मलाच शिकावं लागलं.

आठवड्याला दोन दिवस बास. मी मधे हावरटपणा केला, व्हॉट्सॲप ग्रुप, फी, टेस्ट सिरीज, तर बायको म्हणाली दुसरं ऑफिस उघडलंस का? सगळं बंद केलं. तीन महिने करून बघा, नाही जमलं तर बदला, कोणी विचारत नाही.

आणि सुट्ट्या आधीच ठरवून ठेवा. नवरात्रीत बडोद्यात गणित शिकायला कोण येणार, पहिल्या वर्षी मी खडू घेऊन ओट्यावर एकटाच बसलो होतो.