साल ठेवलेल्या लाकडी बाऊलला फिनिश देताय? या चुका टाळा

बाभळीच्या ओंडक्यातून साल तशीच ठेवून लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) बाऊल कातला की कडेला तीन रंग एकमेकांना खेटून येतात. बाहेर काळपट भेगाळलेली साल, मग बोटभर फिकट लाकूड आणि आत तांबूस गाभा. बघणाऱ्याची नजर आधी त्या कडेवरच जाते, पण फिनिश ठरवताना आपण बघतो तो आतला गुळगुळीत खोलगट भाग, आणि बहुतेक गोष्टी तिथूनच बिघडायला लागतात.

माझ्या पहिल्या बाभळीच्या बाऊलला मी सरसकट बेलतेलाचे (म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन हात मारले. गाभा असा खुलला की बघतच राहावं, पण वर्ष सरेपर्यंत ते फिकट लाकूड पिवळं होत होत मधासारखं झालं आणि गाभ्यात मिसळून गेलं. ज्या रंगांच्या फरकासाठी साल राखली तो फरकच गेला. यावर वरून लावायचा काही उपाय नाही, घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून आधी ठरवा की तुम्हाला रंगांमधला फरक हवाय का गाभ्याची खोली. फरक हवा असेल तर फिकट चपडा लाखेचं (पापुद्र्यांच्या रूपात मिळणाऱ्या लाखेचं) पॉलिश किंवा पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वॉर्निश) घ्या, ते फारसं पिवळं पडत नाही. आंब्यासारखं जवळजवळ एकाच रंगाचं लाकूड असेल तर तेल खुशाल लावा.

दुसरी चूक सालीची. सालीच्या भेगांत घासतानाचा भुसा बसलेला असतो आणि तो न काढता वर मेण किंवा पॉलिश गेलं की पांढरट चिखल होऊन तिथेच घट्ट बसतो. आधी जुन्या टूथब्रशने साफ करा, जमलं तर हवेचा झोत मारा. मेणाचा जाड थर सालीवर मुळीच नको, वाळल्यावर प्रत्येक भेगेत पांढऱ्या रेषा दिसतात. आधीच तसं झालं असेल तर हेअर ड्रायरने मेण कोमट करून ब्रशने उचला, बरंचसं निघतं. आणि ग्लॉस तर सालीवर नकोच, चकचकीत साल प्लास्टिकची वाटते. माझं स्पष्ट मत आहे की साल मॅटच ठेवावी, लागलंच तर स्प्रेचा एखादा पातळ हात, बास.

साल सुटायला लागली की आपण पातळ सीए ग्लू (फेव्हिक्विकसारखा झटपट चिकटणारा) सोडतो. सोडावाच, पण तो शेजारच्या फिकट लाकडात झिरपतो आणि तिथे जो डाग पडतो तो पॉलिशखाली आणखी उठून दिसतो. ग्लू सोडण्याआधी त्या फिकट पट्ट्यावर लाख पॉलिशचा एक पातळ हात देऊन वाळू द्या, डागाची भीती बरीच कमी होते. झाड भर वाढीत असताना तोडलेलं असेल तर सालीखालचा थर ओला नि नाजूक असतो, अशी साल बहुतेक वेळा सुटतेच, तेव्हा ओंडका आणतानाच झाड कधी तोडलं ते विचारून घ्या.

घासताना लेथ फिरती ठेवून कड हातात धरू नका. कड खालीवर असते, फिरताना ती नीट दिसत नाही, बोटांवर फटके बसतात आणि सालीचा कोपराही गोल होऊन जातो. कडेपाशी लेथ बंद करून हाताने घासा, १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून १८०, २४०, ३२० असं चढत जा, मधला नंबर गाळू नका कारण १२० चे ओरखडे तेल लागल्यावरच दिसतात. आणि फार जोर नको, पातळ भिंत तापली की बारीक बारीक तडे जातात.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी बघितलेल्या कुणालाही वाटेल की फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, घर्षणाने लाख वितळली की झालं काम. तिथे वस्तू गोल असते म्हणून ते जमतं. आपल्या बाऊलच्या तुटक कडेवर कांडीला फटके बसतील आणि साल उडेल. इथे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्यानेच लावायची. वरून पीयू देणार असाल तर लाखेतलं मेण आधी काढा, बाटली काही दिवस न हलवता ठेवली की मेण तळाला बसतं, वरचं स्वच्छ ओतून घ्या. मागच्या वर्षीची उरलेली बाटली वापरू नका, जुनी लाख नीट कडक होत नाही. आणि पावसाळ्यात, हवेत दमटपणा असताना हात मारला की पॉलिश दुधाळ होतं. तसं झालं तर घाबरून खरवडू नका, कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने फिरवा, बहुतेक वेळा ते निवळतं.

तेल सुकत नाही ही तक्रार नेहमीची. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट वास येतो. शिसवाच्या गाभ्यात असे घटक असतात की चांगलं बेलतेलही त्यावर रेंगाळतं, तिथे आधी लाखेचा हात देऊन मग पुढचं. आणि भेगांतून तेल तासन्‌तास परत वर येतं, ते पहिले काही तास दर तासाभराने पुसा, नाहीतर चिकट गाठी तयार होतात.

बेलतेलाची फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, फडक्यांच्या ढिगात ती साठत जाते आणि ठिणगीशिवाय आग लागते. फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मग टाका. ही गोष्ट कृपा करून हसण्यावारी नेऊ नका.

कीड राहिलीच. फिकट लाकडात आणि सालीखाली भुंगेऱ्याच्या अळ्या असतात, वरून पॉलिश मारलं म्हणून त्या मरत नाहीत, दोन महिन्यांनी बाऊलखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. बाऊल पूर्ण सुकला की प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच फिनिश करा. ओला बाऊल मात्र फ्रीझरमध्ये नको, तो तडकू शकतो.

बाऊलमध्ये खायचं ठेवणार असाल तर फक्त आतल्या भागापुरता विचार करा, कोरडा सुकामेवा ठीक, आमटी-लोणचं नको, साल कधीच नीट धुता येत नाही.

आणि ओंडक्याचा उरलेला तुकडा जाळू नका. साल, फिकट लाकूड, गाभा तिन्ही असलेला एखादा पातळ काप घ्या, त्याचे तीन पट्टे करा, एकाला तेल, एकाला लाख, एकाला पीयू, मागे पेन्सिलने तारीख घाला आणि ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर ठेवा, तोवर बाऊल वाळत राहू दे.