हरीण टप्प्यात येतं आणि निसटतं: मचाणावर हलण्याच्या या चुका टाळा

धनुष्याने शिकार करणारा नवखा माणूस हात हलवत परतला की त्याची तक्रार सहसा एकच असते. नेम चुकला असं तो म्हणत नाही, नेम धरायची वेळच आली नाही असं म्हणतो. हरीण आलं, २० यार्डांवर थांबलं, हा उठायला गेला, हरणाने वर पाहिलं आणि पांढरी शेपटी उभारून ते झाडीत दिसेनासं झालं. रायफलवाल्याचं काम १०० यार्डांवरून होतं, तिथे खांदा थोडा हलला तरी बिघडत नाही. धनुष्यवाल्याला मात्र हरीण अगदी जवळ येऊ द्यावं लागतं आणि मग त्याच्याच नजरेच्या टप्प्यात उठून, धनुष्य उचलून, दोरी गालापर्यंत ओढावी लागते.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहे. तिथे राज्याचा परवाना लागतो, धनुष्याचा हंगाम वेगळा असतो आणि दिवसाच्या वेळाही ठरलेल्या असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा यातलं काही भारतातल्या रानात करून पाहायचं नाही.

मचाणावर, म्हणजे ट्री स्टँडवर, पहिल्यांदा चढणाऱ्याला सगळे एकच सांगतात: हलू नकोस. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. न हलता बाण सुटत नाही. हालचाली दोन असतात आणि त्या एकमेकींपासून तोडायला शिकावं लागतं. उठणं, वळणं, धनुष्य खुंटीवरून हातात घेणं ही पहिली. दोरी ओढणं ही दुसरी. पहिली जितकी लवकर उरकेल तितकं बरं. दुसरी हरणाचं डोकं परवानगी देईल तेव्हाच. बहुतेक चुका या दोन्ही एकाच क्षणात कोंबल्यामुळे होतात.

बसून राहण्याची चूक

हरीण ७०-८० यार्डांवर दिसतं आणि माणूस थिजून बसतो. ते जवळ यायला लागलं की आता हलायचं कसं, हा प्रश्न पडतो. तोवर उशीर झालेला असतो. उठायची वेळ होती ती ते लांब होतं तेव्हा, मधे झाडांचे बुंधे होते तेव्हा, किंवा त्याच्याच पायांखाली पाचोळा वाजत होता तेव्हा. स्वतः चालणाऱ्या हरणाला तुमचा बारीक आवाज सहसा ऐकू जात नाही. थांबलेल्याला जातो.

म्हणून हरीण आपल्याकडेच येतंय असं वाटलं की लगेच उभं राहावं, धनुष्य हातात घ्यावं, रिलीज, म्हणजे दोरी धरून सोडायचं छोटं साधन, दोरीला अडकवावा आणि पावलं हरीण जिथे पोचेल त्या दिशेला वळवून ठेवावीत. ते दुसरीकडे वळलं तर तुमचं काहीच गेलं नाही, पुन्हा बसा. फार तर खारीने पाचोळा वाजवला तरी दहा वेळा उठाल. अनुभवी लोक पहाटेचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास उभ्यानेच काढतात, ते याचसाठी.

वारा असेल तर सोपं जातं. झुळूक येते, फांद्या हलतात, तेवढ्यात आपणही हलून घ्यायचं. दव गोठलेल्या निवांत सकाळी मात्र जॅकेटची चेनसुद्धा लांबवर ऐकू जाते, आणि वेल्क्रो तर मचाणावर नेऊच नये.

अंतर पाहून ओढणं

सगळ्यात जास्त हरणं इथे जातात. रेंजफाइंडरने, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राने, २० यार्डांचं झाड मोजून ठेवलेलं असतं. हरीण त्या झाडाशी आलं की हात आपोआप दोरी ओढतो. त्या क्षणी हरणाचं डोकं कुठे आहे हे पाहिलेलंच नसतं.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला एका वेळी सुमारे ३०० अंशांचा पट्टा दिसतो. न दिसणारा भाग उरतो तो मागचा, तोही अरुंद. आडव्या उभ्या असलेल्या हरणाचं तोंड समोर आहे म्हणून तुम्ही त्याच्या नजरेबाहेर आहात असं नाही. बारीक तपशील त्याला माणसाइतका स्पष्ट दिसत नाही आणि लाल-नारिंगी रंग नीट ओळखू येत नाहीत. निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून जीन्स घालून झाडावर चढू नये. हालचाल टिपण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. स्थिर बसलेला माणूस त्याला झाडाचा फुगवटा वाटू शकतो. कोपर मागे नेणारा माणूस तसा वाटत नाही.

तेव्हा ओढायची वेळ अंतरावर ठरवू नका. डोकं आणि डोळा जाड बुंध्यामागे गेला, ती उत्तम वेळ. ते तुमच्यापासून तिरकं दूर चाललंय, ती दुसरी. शिवाय तिरक्या कोनात बाण छातीत नीट शिरतो. डोकं खाली घालून खरोखर चरतंय, ही तिसरी, पण यात एक खोच आहे. संशय आलेलं हरीण चरायचं सोंग करतं. तोंड खाली नेतं, गवताला लावतं न लावतं, आणि झटकन वर करून पाहतं की तुम्ही हललात का. जबडा चालतोय का, कान सैल पडलेत का हे बघा. कान तुमच्याकडे रोखलेले असतील तर ते चरत नाहीये.

शेपटीवरही लक्ष ठेवावं. डोकं वर काढण्याआधी किंवा पाऊल उचलण्याआधी हरीण बऱ्याचदा शेपटी बारीकशी झटकतं, असं जुने शिकारी सांगतात. झटका दिसला की थांबा. डोकं वर येऊन पुन्हा खाली गेलं की मग ओढा.

हे सगळं आयत्या वेळी सुचत नाही. मचाणावर बसल्या बसल्या, रान रिकामं असताना, वाटेवरची झाडं पाहून ठरवून ठेवायचं: या ओकच्या मागे डोकं गेलं की ओढायचं, पुढच्या मोकळ्या जागेत बाण सोडायचा. दोन-तीन जागा ठरल्या की पुरे.

न दिसलेले डोळे

नजर शिंगांवर खिळली की बाकीचं रान दिसेनासं होतं. मादीमागे अजून दोन माद्या असतात, एखादं पाडस भलत्याच बाजूने आलेलं असतं, आणि तुम्ही नरावर डोळा ठेवून दोरी ओढता तेव्हा फुत्कार भलतीकडूनच येतो. कळपातली वयस्क मादी सगळ्यात सावध. तिने पाय आपटायला सुरुवात केली की बाकीची चरणं थांबवतात. आधी डोकी मोजा आणि सगळ्यात जवळच्या मादीकडे लक्ष ठेवा. नराकडे बघायला नंतर वेळ मिळतो.

नोव्हेंबरच्या आसपास, माजावर आलेल्या मादीमागे नर लागलेला असताना, गणित थोडं उलटं होतं. त्याचं भान नाकात गेलेलं असतं आणि त्याच्यासमोर बऱ्याच चुका खपून जातात. पुढे धावणाऱ्या मादीसमोर त्या खपत नाहीत.

फार लवकर ओढणं

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य पूर्ण ओढलं की चाकांमुळे ताण बराच उतरतो. ६० पौंडांचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य ८० टक्के लेट-ऑफचं (तेवढा ताण उतरवणारं) असेल तर हातावर १२ पौंडच राहतात. ऐकायला थोडे आहेत. थंडीत आखडलेल्या खांद्याने, काळीज धडधडत असताना ते एक मिनिट धरून पाहा. हरीण झुडपामागे थांबतं, हलतच नाही, इकडे हात थरथरू लागतो, आणि मग घाईने सोडलेला बाण भलतीकडे जातो.

अडकलातच तर कोपरं शरीराजवळ घ्या आणि हरणाचं डोकं झाकलेलं असतानाच दोरी हळूच परत सोडा. ही परत सोडायची हालचाल ओढण्याइतकीच मोठी असते, आणि सराव न केलेल्या माणसाला धनुष्य हिसका देऊन पुढे खेचतं. घरी लक्ष्यावर सराव करताना दर चार-पाच बाणांमागे एकदा बाण न सोडता दोरी परत आणायची सवय लावा.

याच्याशीच जोडलेली दुसरी चूक म्हणजे झेपत नाही एवढ्या पौंडांचं धनुष्य. ओढताना धनुष्य आधी आभाळाकडे करावं लागत असेल तर ती हालचाल अर्ध्या रानाला दिसते. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य लक्ष्याकडे रोखून सरळ मागे ओढा. जमत नसेल तर पौंड उतरवा. इथे फुशारकीला काही अर्थ नाही: किमान पौंडांची अट राज्यागणिक बदलते, पण ४०-५० पौंडांच्या धनुष्याने, धारदार ब्रॉडहेड (शिकारीचं रुंद पातं) लावलेल्या बाणाने, जवळच्या अंतरावर हरीण नीट पडतं.

पाहिलं, आता काय?

अर्धं ओढलंय आणि हरणाने वर पाहिलं. बहुतेक जण इथे घाईने उरलेलं ओढतात, आणि तिथेच खेळ संपतो. जिथे आहात तिथेच गोठा. नजरेला नजर देऊ नका, त्याच्या पायांकडे पाहा. ते मान खाली-वर करेल, पाय आपटेल, तुम्हाला हलवायचा प्रयत्न करेल. वारा त्याच्याकडे जात नसेल तर पुष्कळदा ते शेपटी हलवून पुन्हा चालू लागतं. वास मिळाला असेल तर तुम्ही काहीही करा, उपयोग नाही. तो प्रश्न हालचालीचा नाही, मचाण कुठे बांधलं याचा आहे.

पूर्ण ओढून झालंय आणि हरीण चालतच राहिलंय, अशा वेळी तोंडाने हलकासा ‘मॅऽ’ असा आवाज करून त्याला थांबवतात. ओढण्याआधी हा आवाज करणं ही चूक, कारण थांबलेलं हरीण थेट तुमच्याकडेच पाहतं. शिवाय थांबलेलं हरीण सावध झालेलं असतं, हेही विसरू नये. सेकंदाला २८० फूट जाणारा बाण २० यार्डांवर पोचायला सेकंदाचा पाचवा भाग घेतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो. दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो. ४० यार्डांवर त्याला दुप्पट वेळ मिळतो. म्हणून सैल हरीण सावकाश चालत असेल आणि पुढे मोकळी जागा असेल तर ते आपणहून थांबेपर्यंत वाट पाहणं मला जास्त पटतं. कान रोखून उभ्या हरणावर लांबून बाण सोडूच नये.

मचाणच जास्त हलायला लावत असेल तर

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला डावीकडे सहज नेम धरता येतो, उजवीकडे मात्र सगळं अंग फिरवावं लागतं. हरणांची वाट डाव्या हाताला येईल असं मचाण लावलं की निम्मी हालचाल वाचते. पाठीमागे जाड बुंधा किंवा फांद्या हव्यात. मागे मोकळं आभाळ असेल तर १५-२० फुटांवर बसूनही तुमची आकृती स्पष्ट उठून दिसते.

पडू नये म्हणून अंगावर घालून झाडाला बांधलेल्या हार्नेसचा पट्टा वळताना अडकतो म्हणून तो काढून ठेवणारे लोक आहेत. असं करू नका, कितीही मोठी शिंगं समोर असोत. पट्ट्याची लांबी आणि बाजू आधी जुळवून घ्या, त्याच्यासकट वळायचा सराव करा. धनुष्य दोरीने वर ओढून घ्यायचं, हातात धरून चढायचं नाही.

बाण सुटल्यानंतर

बाण लागला की उडी मारून खाली उतरायचा मोह होतो. तिथेच थांबा. दुसरा बाण लावा, हरीण कुठल्या झाडाशी शेवटचं दिसलं ते लक्षात ठेवा, कान द्या. समोर पडलेलं दिसलं नाही तर फुप्फुसावरच्या चांगल्या बाणानंतरही अर्धा तास द्यावा. पाठ कुबडी करून हळूहळू चालत गेलं, किंवा बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि दुर्गंधी असेल, तर बाण पोटात लागलाय. अशा वेळी आवाज न करता उतरून निघून जा आणि आठ-दहा तासांनी माग काढायला या. लगेच मागे लागलात तर ते उठून पुढे पळतं आणि मग सापडत नाही.

बाण सोडायची वेळ आलीच नाही आणि अंधार पडला तर उतरायचीही वेळ पाहावी लागते. बाण सोडायची मुदत बहुतेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. समोरच्या शेतात पाच-सहा हरणं चरत असतील आणि तुम्ही खडखडाट करत खाली आलात, तर ते मचाण त्यांच्या लक्षात राहतं. ती पांगेपर्यंत बसून राहा. ती जात नसतील तर सोबत्याला गाडी घेऊन शेताच्या कडेपर्यंत यायला सांगा. हरणं गाडीला बिचकून निघून जातात आणि झाडावर माणूस होता हे त्यांना कळत नाही.